वास खरा, कोळंबी खोटी

नीतीचे प्रश्न माणसाच्या आयुष्यात कुठल्या दाराने शिरतील याचा नेम नसतो. थोरामोठ्यांना ते रणांगणावर भेटतात, तुरुंगात भेटतात, नाहीतर एखाद्या झाडाखाली डोळे मिटून बसले असताना भेटतात. मला तो मिक्सरच्या भांड्यात भेटला. त्यातही मोठ्या नव्हे, चटणीच्या भांड्यात.

त्याचे असे झाले. जून महिन्यातला रविवार होता. बाहेर रत्नागिरीचा पाऊस, म्हणजे 'पडतो आहे' म्हणण्याऐवजी 'राहायला आला आहे' म्हणावे असा. आत घावने आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. पहिला घास घेऊन चिरंजीवांनी विचारले, "आई, चटणीत सुकट घातलीस?" हिने चटणीचा वास घेतला, भांड्याचा वास घेतला आणि मग काही न बोलता माझा वास घेतला. तपास तिथेच संपला.

"भांडं तीनदा घासलं होतं गं," मी म्हणालो.

"तीनदा का घासावं लागलं?" हिने विचारले.

आता सांगायलाच हवे. आदल्या रात्री घरातली सगळी झोपल्यावर मी त्या भांड्यात कोळंबीची डोकी आणि टरफले, मूठभर सुका जवळा, लसणीच्या चार पाकळ्या आणि बऱ्यापैकी मीठ वाटले होते. मी माशांसाठी अत्तर तयार करत होतो.

माझी थोडी ओळख करून देतो. मी बँकेत आहे. हल्ली आम्हाला क्लार्क म्हणत नाहीत, काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव दिले आहे. पण त्या नावाने कामात काही फरक पडला नाही, म्हणून मी आपला क्लार्कच म्हणतो. वय चव्वेचाळीस, शिक्षण बी. कॉम., छंद गरवण्याचा. गळ टाकून मासे धरण्याला आमच्याकडे गरवणे म्हणतात. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, मिरकरवाडा बंदरात होड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि बाजारातल्या मासळीचे भाव सोन्याशी बोलू लागतात. अशा दिवसांत माझ्यासारखे हौशी लोक भाट्याच्या खाडीकाठी, जिथे काजळी नदी समुद्राला मिळते तिथे, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात दोरी धरून उभे असतात. लांबून पाहणाऱ्याला वाटावे की हे सगळे कुठल्यातरी बसची वाट बघत आहेत.

माझे गुरू म्हणजे शेजारचे नाना. एस.टी.तून निवृत्त झालेले. नानांकडे काठी नाही, चक्री नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, शिशाचा एक तुकडा, गळ, आणि त्याला ताजी कोळंबी. एवढ्या भांडवलावर त्यांनी चाळीस वर्षे मासे खाल्ले.

पण शंभर रुपयांची कोळंबी पाण्यात घालून साठ रुपयांचा मासा घरी आणायचा, हा व्यवहार बी. कॉम. झालेल्या माणसाला सहन होण्यासारखा नाही. कोळंबी हा महसुली खर्च झाला. तेव्हा चिरंजीवांकडून मोबाईलवर मी रबरी कोळंबी मागवली. ही भांडवली मालमत्ता! पुन्हा पुन्हा वापरता येते, तिच्यावर घसारा धरता येतो. दिसायला तर इतकी हुबेहूब की हिने ती एकदा निवडायलाच घेतली होती.

मासे मात्र फसेनात. यायचे, जवळ घुटमळायचे आणि वळायचे. आमच्या 'चौकशी'च्या खिडकीपर्यंत येऊन लोक वळतात, तसे. नाना म्हणाले, "अरे, तिला रबराचा वास येतो. मासा काय नुसता डोळ्यांनी जेवतो?"

मग मी अभ्यासाला लागलो. परीक्षेसाठी केला नसेल एवढा अभ्यास केला. माशाला नाकपुड्या असतात, पण त्यांचा श्वासाशी संबंध नसतो. श्वास कल्ल्यांनी, नाक निव्वळ वासासाठी. म्हणजे सर्दी झाली तरी मासा गुदमरणार नाही, फक्त जेवणाची मजा जाईल. शिंगाळ्याच्या जातीच्या माशांना तर मिशांवर आणि अंगभर चव कळते. असा मासा म्हणजे एक पोहणारी जीभच. आणि माशाला जो वास ओढतो तो तेलाचा नव्हे. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगत राहते. कोळंबीच्या, जवळ्याच्या अंगातली अमिनो आम्ले पाण्यात विरघळतात आणि प्रवाहाबरोबर पसरतात. ती माशाला सांगतात की इकडे पान वाढले आहे.

या धंद्याला परंपराही मोठी निघाली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३१च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. राज्य कसे करावे इथपासून राजाने करमणूक कशी करावी इथपर्यंत सगळे त्यात आहे, आणि करमणुकीत 'मत्स्यविनोद' आहे. मासे किती प्रकारचे, दोरी कशाची, गळ कसा, आणि कुठल्या माशाला काय चारून एका जागी यायची सवय लावावी, हे राजेसाहेबांनी लिहून ठेवले आहे. आधी पोसायचे, मग धरायचे. हे शेवटचे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. मी ते तेव्हा नुसतेच वाचले आणि पुढे गेलो. तिकडे विलायतेत आयझॅक वॉल्टन नावाच्या गृहस्थाने १६५३ साली गरवण्यावर पुस्तक लिहिले, त्यात गांडुळे ठेवायच्या डबीला आयव्हीच्या फळांचे तेल चोपडण्याची युक्ती आहे. हा वॉल्टन लंडनचा कापडाचा व्यापारी. म्हणजे वाणिज्य शाखेचाच.

आणखी एक गोष्ट वाचली ती मनाला लागली. १९५०च्या दशकात कॅनडातल्या शास्त्रज्ञांना असे आढळले की नदीतून वर चढणारे सामन मासे, वरच्या अंगाला कोणी माणसाने नुसता हात बुडवला तरी थबकतात, मागे फिरतात. माणसाच्या कातडीतले सेरीन नावाचे अमिनो आम्ल त्यांना अस्वलाच्या पंजासारखेच वाटते. म्हणजे वास दुहेरी कामाचा हवा. कोळंबीचा पसरायचा आणि माणसाचा झाकायचा. मी माझ्या हाताचा वास घेऊन पाहिला. नोटा, शिक्क्याची शाई आणि चहा.

असो. ते वाटण मी बाटलीत भरून दोन दिवस मुरवले, फडक्यातून गाळले, व्हॅसलीनमध्ये कालवले आणि एका रिकाम्या बामच्या डबीत भरले. त्याची पहिली परीक्षा मांजरांनी घेतली. आमच्या आळीतली सगळी आणि पलीकडच्या आळीतली दोन अशी मांजरे माझ्यामागून भाट्यापर्यंत निघाली. लोक म्हणाले, साहेबांची वरात निघाली.

पण अत्तर लागू पडले! तासाभरात एक शिंगाळा लागला. शिंगाळा काय, कशालाही लागतो, त्याचा मान धरायला नको. पण मग तांबोशी लागली, चांगली हातभर. मी विजयी मुद्रेने नानांकडे पाहिले. नाना तंगूस गुंडाळत होते.

"हे काही बरं नव्हे हो," ते म्हणाले. नाना रागावले की मला अहोजाहो करतात.

"काय बरं नव्हे, नाना?"

"माशाला तू देतोस काय? मी कोळंबी देतो. आत गळ असतो, कबूल. पण कोळंबी खरी असते. दहातले सात मासे कोळंबी तोडून, गळ चुकवून जातात. त्यांची नि माझी फिटंफाट. तुझ्याकडनं त्यांना काय मिळतं? रबर."

"पण मासा शेवटी कढईतच जातो ना, नाना? खऱ्याने धरला काय नि खोट्याने धरला काय, कढईत सारखाच."

"जो धरला गेला तो गेला रे. मी न धरलेल्यांचं बोलतोय."

यावर मला पटकन उत्तर सुचले नाही. आणि उत्तर न सुचणे हा बँकेतल्या माणसाला मोठा अपमान वाटतो, कारण खिडकीपलीकडच्या माणसाला उत्तर देण्याचाच आम्हाला पगार असतो. घरी येईपर्यंत मी मनात खटला तयार केला. तो असा: अत्तरात खोटे काय आहे? कोळंबी अस्सल, जवळा अस्सल, लसूणदेखील आमच्या घरची. त्या वासातला कण न् कण खरा. मी माशाला एका शब्दाने खोटे सांगितलेले नाही. 'इथे कोळंबी आहे' असा निष्कर्ष माशाने आपल्या जबाबदारीवर काढला, त्याला मी काय करू? बी. कॉम.ला आम्हाला १८७२चा करार कायदा होता. त्याच्या सतराव्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे आणि खाली स्पष्टीकरण आहे की नुसते गप्प राहणे म्हणजे फसवणूक नव्हे. हे स्पष्टीकरण आमच्या वर्गातल्या प्रत्येकाला पाठ होते. परीक्षेत हमखास येई, आणि पुढे आयुष्यातही उपयोगी पडेल असे वाटे. त्याच वाक्याला पुढे एक 'परंतु' आहे. जिथे बोलणे हे त्या माणसाचे कर्तव्य आहे, तिथे ही सवलत नाही. परंतु आम्ही सगळे पाच मार्कांपुरते वाचणारे.

रात्री तांबोशीचे तिखले झाले. चटणीप्रकरणी मिळालेली शिक्षा त्या तिखल्याने निम्मी माफ झाली. मी मनात निकाल माझ्या बाजूने दिला आणि झोपलो.

बुधवारी मावशी बँकेत आली.

मावशी म्हणजे आमची मासेवाली. वय साठ-बासष्ट. मी बँकेत लागलो तेव्हापासून, म्हणजे वीस वर्षे, मी तिच्याकडून मासे घेतो आणि ती माझ्या खिडकीत पैसे भरते. बाजारात मी तिला 'तू' म्हणतो, खिडकीत 'तुम्ही' म्हणतो. ती मला दोन्हीकडे 'तू'च म्हणते. बाजारात तिची एक रीत आहे. मासा हातात घ्यायचा, बोटाने कल्ला उघडायचा आणि आपण होऊन दाखवायचा. लालभडक असेल तर बोलायची गरजच नाही. फिका असेल तर म्हणते, "ही कालची हाय. आज घालवायची हाय म्हणून कमी लावते. बघून घे." इतर दुकानांत गिऱ्हाईकाला कल्ला उघडून बघावा लागतो, मावशीकडे तो आधीच उघडा असतो. त्यामुळे तिच्याकडे मी हुंगून बघणे कधीच सोडले होते.

मोसम संपला की मे महिन्याच्या शेवटी ती बरणीतले, डब्यातले, कमरेच्या पिशवीतले असे पैसे घेऊन बँकेत येते आणि मुदतठेवीत ठेवते. या वर्षीही आली होती. एक लाख रुपये. आता आली ती एक जाडजूड पाकीट घेऊन.

"काय रे, ह्यावेळी पावती केवढी मोठी दिलास? बुकच हाय. ठेवू कुठे ही?" तिने विचारले. "आणि पुढच्या मे म्हैन्यात व्याज किती सुटेल तेवढं सांग. पावसाच्या आधी कौलं काढून पत्रे घालायचे हायत."

ते पाकीट पाहिल्याबरोबर मला तिखल्याची चव तोंडात आल्यासारखी झाली.

मे महिन्यात काय झाले होते ते सांगतो. हल्ली बँका विमाही विकतात हे वाचकांना ठाऊक आहे. नसेल तर बँकेत जाऊन पाच मिनिटे उभे राहावे. साहेबांनी सकाळच्या मीटिंगमध्ये सांगितले होते की शाखेच्या दोन पॉलिसी कमी पडताहेत. साहेब वाईट नाहीत. त्यांच्या तोंडात विभागीय कार्यालयाचा गळ, त्या कार्यालयाच्या तोंडात त्याच्या वरच्याचा. एकाच दोरीला बांधलेले गळ आहेत सगळे, आणि सर्वांत खालचा गळ म्हणजे मी. 'गळ घालणे' याचा आपल्या भाषेत अर्थ आग्रह करणे, विनवणे असा का झाला असेल, ते मला त्या दिवशी कळले. विम्याची परीक्षा पास झालेला आमचा अधिकारी वेगळा आहे, सही त्याची. गळ घालायचे काम माझे.

मावशीला मी म्हणालो होतो, "मावशी, यातले पन्नास हजार ठेवीत ठेवा आणि पन्नास या दुसऱ्या योजनेत घाला. पैसे सुरक्षित. बँकेतूनच होतं सगळं. वर विमाही मिळतो." या चार वाक्यांतले एकही खोटे नव्हते. पैसे सुरक्षित होते. बँकेतूनच झाले होते. विमाही मिळत होता. फक्त ते पन्नास हजार दरवर्षी, ओळीने दहा वर्षे भरायचे होते, आणि मध्येच थांबले तर भरलेले पुरते हाती येणार नव्हते, हे मी बोललो नाही. फॉर्मवर छापलेले होते. इंग्रजीत. मावशीने अंगठ्याऐवजी सही करायला वयाच्या चाळिशीनंतर शिकून घेतले होते. तिने मोठ्या अभिमानाने सहा ठिकाणी सही केली. आणि मी शेवटी म्हणालो होतो, "तुम्हाला एक फोन येईल. काही विचारतील. हो म्हणा."

आता रविवारच्या खटल्याचा निकाल मला परत फिरवावा लागला. वासातला कण न् कण खरा आहे, म्हणून तो वास खरा होतो का? कोळंबीचा वास कोळंबीला असतो तोवर खरा. तोच काढून, गाळून, रबराला चोपडला की त्यातला एकही रेणू न बदलता तो खोटा होतो. माझी चारही वाक्ये मुदतठेवीच्या अंगची होती. वीस वर्षे मी ती ठेवीबद्दल बोललो होतो आणि ठेवीबद्दल ती खरी होती. ती मी तिथून काढली आणि दुसऱ्याच कागदाला चोपडली. मी खोटे बोललो नव्हतो. मी खरे बोललेले चुकीच्या जागी लावले होते.

आणि त्याहून वाईट गोष्ट अशी की, मावशी त्या चार वाक्यांच्या वासाने आलीच नव्हती. वाक्ये तिने ऐकली की नाही कोण जाणे. ती आली होती माझ्या वासाने. वीस वर्षे याच खिडकीत दिलेला पैसा व्याजासकट परत मिळत होता. सोमेश्वर महाराजांनी लिहून ठेवले होते ना? एका जागी चारून सवय लावावी, आधी पोसावे, मग धरावे. कॅनडातला सामन माणसाच्या हाताचा वास आला की मागे फिरतो. रत्नागिरीतली मावशी माणसाच्या हाताचा वास ओळखीचा आहे म्हणून पुढे आली. नुसत्या गप्प राहण्याला कायदा माफी देतो ती मासे-माणसांच्या पहिल्या भेटीत. ज्याच्याकडे हुंगायचे सोडून दिले आहे, त्याच्या गप्प राहण्याला बोलण्याचीच किंमत असते. पाच मार्कांच्या 'परंतु'चा अर्थ मला पंचवीस वर्षांनी कळला.

हे सगळे आता लिहिताना ओळीने सुचते आहे. तेव्हा खिडकीत एवढेच झाले की मी म्हणालो, "मावशी, जरा आत येऊन बसा." मग तिला खुर्ची दिली, आणि तिला 'तू' म्हणावे की 'तुम्ही' हे न कळून काही वेळ गप्प बसलो. मग सांगितले. ही पावती नव्हे. हे दरवर्षी भरायचे आहेत. दहा वर्षे.

मावशी बराच वेळ त्या पाकिटाकडे बघत राहिली. मला वाटले आरडाओरड करील. बाजारात दहा रुपयांसाठी ती आकाशपाताळ एक करते. ती हळू आवाजात म्हणाली, "तुला ठावं होतं?"

"हो."

"तवा का नाय बोललास?"

याला सतरावे कलम नव्हते. मी म्हणालो, "टार्गेट होतं."

तिला टार्गेट म्हणजे काय ते समजावून सांगावे लागले नाही. "म्हंजी कालची घालवायची होती," ती म्हणाली. "मग कल्ला दावायचा होतास. मी काय घेतली नसती? कमी लावून घेतली असती. नायतर नसती घेतली. पन दावायचा होतास."

आता एक गोष्ट बरी आहे आणि ती वाचकांपैकी ज्यांच्या कपाटात अशी जाडजूड पाकिटे आहेत त्यांनी ऐकून ठेवावी. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांच्या आत ती परत करता येते. पूर्वी पंधरा दिवस असत, २०२४पासून तीस आहेत. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकीचे परत मिळतात. मावशीचे पाकीट येऊन चारच दिवस झाले होते. मी अर्ज लिहिला, तिला वाचून दाखवला, मराठीत, प्रत्येक ओळ. या वेळी तिने सही करायच्या आधी तीनदा विचारले की हे कशाचे आहे. मला बरे वाटले आणि वाईटही वाटले.

साहेबांना सांगितले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "तुम्ही स्वतःच्याच शाखेची पॉलिसी परत करवलीत?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "माझ्या आत्येलाही एक दिलीय दुसऱ्या शाखेतून. बघायला पाहिजे किती दिवस झाले." मला वाटते माणूस मुळात वाईट नसतो. तो मार्चअखेर वाईट होतो, आणि आमच्याकडे हल्ली प्रत्येक महिना मार्च असतो.

पैसे जुलैत मावशीच्या खात्यात आले. काही शे रुपये कमी. तिने पासबुक डोळ्याजवळ धरून विचारले, "हे का कमी?" मी कापाकापी समजावली आणि म्हणालो, "मावशी, कमी आलेले माझ्याकडून घ्या." मनातून मला वाटत होते की ती 'राहू दे रे' म्हणेल, डोळ्यांत पाणी आणील, आणि हा लेख तिथे संपवता येईल. मावशीने हात पुढे केला. पैसे मोजले. दोनदा मोजले. कमरेच्या पिशवीत टाकले आणि गेली. तिचे बरोबर होते. मीही कापलेल्या वजनाचे पैसे मासेवालीकडून सोडत नाही.

ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा बाहेर पडल्या. पहिल्या रविवारी बाजारात गेलो. वाटेत दोन दुसऱ्या मासेवाल्या लागल्या, त्यांनी हाकाही मारल्या. पण चुकवून गेलो असतो तर ती आणखी एक गप्प राहण्याची गोष्ट झाली असती. मावशीने मला पाहिले, टोपलीतून मासा उचलला, कल्ला उघडला. लालभडक होता. मी नेहमीसारखा पिशवी पुढे करणार, तोच ती म्हणाली, "हुंगून घे."

"अगं, बघितला की कल्ला."

"हुंगून घे," ती पुन्हा म्हणाली. "आता दोघांनी हुंगून घ्यायचं."

मी भर बाजारात, ओळखीच्या चार लोकांसमोर, मासा नाकाशी धरून हुंगला. वीस वर्षांत पहिल्यांदा. आणखी वीस वर्षे लागतील हे सोडायला.

अत्तराची डबी अजून आहे. हिने ती घराबाहेर, पडवीत, खुंटीला टांगून ठेवायला लावली आहे आणि तिच्याखाली मांजरे बैठक घालून असतात. चटणीचे भांडे नवे आणले. ते खर्चाच्या बाजूला माझ्या नावे टाकले आहे. गरवणे मात्र सुटलेले नाही. मासा खाल्ल्याशिवाय मला राहवणार नाही आणि ते राहवेल असे ढोंग करण्यात अर्थ नाही. फक्त रबरी कोळंबीला अत्तर चोपडल्यावर, गळाच्या टोकाला खऱ्या कोळंबीचा एक तुकडाही मी लावतो. मग अत्तराची गरजच काय, असे नाना विचारतात. हिशेबाने त्यांचे म्हणणे खरे आहे. भांडवली खर्च करून वर महसुली खर्च करायचा, याला कुठलाही ऑडिटर संमती देणार नाही.

पण दहातले सात मासे तुकडा तोडून जातात. जाऊ देत. त्यांना तीस दिवस मिळत नाहीत.